गिटारचे पिकअप : विंटेज धाटणी आणि हाय आउटपुट

इलेक्ट्रिक गिटारच्या पोलादी तारांचे कंपन विजेच्या संकेतात बदलणाऱ्या भागाला पिकअप म्हणतात. चुंबकाभोवती केसापेक्षा बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे दिलेले असतात. वरची तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र बदलते आणि वेढ्यांत विद्युतदाब निर्माण होतो. मायकेल फॅरडेने १८३१ मध्ये दाखवलेले तत्त्व ते हेच. नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीत मोटारी रिवाइंड करणाऱ्याला यातले काही नवे वाटणार नाही; मात्र त्याच्या हातातल्या तारेपुढे ही जेमतेम ०.०६ मिमीची तार कोळिष्टकासारखी दिसेल.

‘विंटेज’ म्हणजे जुना पिकअप नव्हे, तर १९५०च्या दशकातल्या घडणीवर आज बनवलेला. त्याचे नमुने मुख्यतः दोन. १९५४च्या फेंडर स्ट्रॅटोकास्टर (थोडक्यात स्ट्रॅट) गिटारीतला सिंगल कॉइल, म्हणजे वेढ्यांचे एकच वेटोळे असलेला पिकअप, हा पहिला. दुसरा म्हणजे सेथ लव्हरने गिब्सन कंपनीसाठी रचलेला हंबकर, म्हणजे दोन कॉइलचा पिकअप. त्याच्या पेटंटचा अर्ज १९५५चा, आणि १९५७पासून तो गिटारींवर दिसू लागला. मागे ‘पेटंट अप्लाइड फॉर’ अशी चिठ्ठी चिकटवलेली असे, म्हणून त्याला आजही पीएएफ म्हणतात. दोन्हींत लोखंडात ॲल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट मिसळलेल्या मिश्रधातूचे, म्हणजे अल्निकोचे चुंबक आणि बेताचे वेढे.

हाय आउटपुट, म्हणजे जास्त जोरकस संकेत देणाऱ्या पिकअपची गरज ॲम्पमुळे (ॲम्प्लिफायरमुळे) निर्माण झाली. १९७०च्या सुमाराच्या व्हॉल्व्हच्या ॲम्पमध्ये गेन, म्हणजे संकेत वाढवण्याची ताकद, कमी असे. आवाज फाटायला हवा असेल तर गिटारकडूनच जोरकस संकेत यायला हवा. १९७२ मध्ये लॅरी डिमार्झिओने ‘सुपर डिस्टॉर्शन’ आणला : सिरॅमिक चुंबक आणि जास्त वेढे. आज गिटार आणि ॲम्पच्या मध्ये जोडायच्या दोन-चार हजारांच्या पेडलमध्येही गरजेपेक्षा जास्त गेन मिळतो, त्यामुळे मूळ कारण बरेचसे संपले आहे. उरला तो आवाजाचा पोत, आणि निवड त्यावरूनच करावी.

हा पोत येतो कुठून? वेढे वाढले की इंडक्टन्स (विजेच्या प्रवाहातल्या बदलाला वेढ्यांचा होणारा विरोध) वाढतो, आणि तो वेढ्यांच्या साधारण वर्गाच्या प्रमाणात वाढतो. जुन्या धाटणीच्या स्ट्रॅटच्या पिकअपचा इंडक्टन्स दोन-अडीच हेन्री, पीएएफ घराण्यातल्यांचा चारच्या आसपास आणि हॉट, म्हणजे हाय आउटपुटच्या, हंबकरचा सहा-सातच्या पुढे जातो. तो चढला की पिकअपचा अनुनाद-बिंदू, म्हणजे ज्या कंप्रतेला तो सर्वांत जोरात प्रतिसाद देतो ती, खाली सरकतो. वरची चमक दबते, मधला पट्टा फुगतो. संकेत मोठा मिळतो, पण हलक्या आणि जोरदार स्ट्रोकमधला फरक ॲम्पमध्ये चटकन सपाट होतो. विंटेज पिकअपवर व्हॉल्यूमचा नॉब थोडा मागे घेतला की आवाज स्वच्छ होतो. हॉट पिकअपवर बऱ्याचदा तो नुसता मंद होतो.

सुटा पिकअप वाजवून पाहता येत नाही, म्हणून खरेदीदार डब्यावरच्या किलोओमच्या आकड्याला चिकटतो : स्ट्रॅटचा सहा, पीएएफचा साडेसात-आठ, सुपर डिस्टॉर्शनचा तेरा-चौदा. हा आकडा फसवा आहे. तो फक्त तारेचा रोध सांगतो, चुंबकाबद्दल अवाक्षर काढत नाही. वेढे तितकेच ठेवून तार बारीक वापरली तरी तो वाढतो. शिवाय तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.४ टक्क्याने चढतो. निफाडच्या जानेवारीत पहाटे १० अंशांत मल्टिमीटरवर ८ दाखवणारा पिकअप मे महिन्यातल्या दुपारी ४० अंशांत ९च्या जवळ जाईल, आणि तेवढ्याने तो काही ‘हॉट’ होत नाही.

दुसरा घोटाळा गुणगुणीचा. हंबकर म्हणजे हाय आउटपुट नव्हे; पीएएफ हा विंटेज धाटणीचा हंबकरच आहे. आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेची गुणगुण सिंगल कॉइल पकडतो, मग त्याचे आउटपुट कमी असो वा जास्त. हंबकरच्या दोन कॉइल ती एकमेकींत खोडून टाकतात. गणपतीच्या मांडवात, जनरेटरवर आणि अर्थिंगच्या भरवशावर वाजवणाऱ्याने हा प्रश्न आउटपुटच्या आधी सोडवावा. तिथेच आणखी एक अडचण येते : जुन्या पीएएफसारखा मेणात न बुडवलेला पिकअप मोठ्या स्पीकरजवळ शिट्टी मारतो. विंटेज धाटणीचा घेताना तो मेणात बुडवलेला आहे ना, हे विचारून घेतलेले बरे.

नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या कॅफेत हिंदी गाण्यांची कॉर्ड-साथ करणाऱ्याला विंटेजच शोभतो, कारण तिथे गाणाऱ्याच्या मागे राहून प्रत्येक तार सुटी ऐकू यावी लागते. तारा खाली उतरवून मेटल वाजवणाऱ्याला सिरॅमिक चुंबकाचा घट्ट, तुटक खर्ज उपयोगी पडतो. पण जड आवाजाला हॉट पिकअपच हवा असेही नाही. अमेरिकी रॉक गिटारवादक एडी व्हॅन हेलनने सुटे भाग जोडून बनवलेल्या आपल्या प्रसिद्ध गिटारीत बसवला होता तो गिब्सनचा जुना पीएएफ.

दोन्हींची सांगडही घालता येते. तारा जिथे अडकवलेल्या असतात त्या ब्रिजजवळ तार कमी हलते, म्हणून तिथे जास्त आउटपुटचा आणि नेककडे, म्हणजे गिटारच्या मानेच्या बाजूला, विंटेज, अशी जोडी सर्रास आढळते. पिकअप बदलण्याआधी स्क्रूने उंची बदलून पाहावी. तार आणि पिकअप यांतले अंतर अर्ध्या मिलिमीटरने हलवले तरी फरक कानाला कळतो. फार वर घेतला तर मात्र स्ट्रॅटचे चुंबक जाड तारा खेचू लागतात आणि सूर डगमगतो. नवा बसवताना पॉटही, म्हणजे व्हॉल्यूम आणि टोनच्या नॉबखालचे बदलते रोधही, तपासावेत. सिंगल कॉइलला २५० किलोओमचे आणि हंबकरला ५०० किलोओमचे वापरण्याचा प्रघात आहे. २५०वर जोडलेला हंबकर आणखी दबका वाजतो, आणि दोष मात्र पिकअपला दिला जातो.