संगणक कक्षांची सुगम्यता (विद्यापीठीय)

विद्यापीठांतील व महाविद्यालयांतील सामाईक संगणक कक्ष दिव्यांग विद्यार्थ्यांना इतरांच्या बरोबरीने आणि शक्यतो कोणाच्या मदतीवाचून वापरता यावेत, यासाठी जागा, फर्निचर, यंत्रसामग्री, सॉफ्टवेअर व वापराचे नियम यांत केलेली व्यवस्था. स्वतःच्या संगणकावर एकदा बसवलेली सोय त्या विद्यार्थ्यापाशीच राहते. सामाईक कक्षात मात्र आसन आणि यंत्र तासातासाला हात बदलतात, आणि यंत्रावरचे नियंत्रण वापरणाऱ्याकडे नसून कक्षाच्या व्यवस्थापकाकडे असते. या विषयातील बहुतेक अडचणींचे मूळ येथे आहे.

या व्यवस्थेचा आरंभ कोठून धरावा याबाबत एकवाक्यता नाही. वास्तुरचनेच्या अंगाने पाहिल्यास तो अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठापर्यंत मागे जातो. टिमोथी न्यूजेंट यांनी १९४८ मध्ये तेथे दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र कार्यक्रम सुरू केला होता, आणि तेथे झालेल्या संशोधनाच्या आधारे इमारतींच्या सुगम्यतेचे अमेरिकी मानक (ए११७.१) १९६१ मध्ये प्रसिद्ध झाले. कायद्याला प्रमाण मानणारे १९७३ च्या अमेरिकी पुनर्वसन कायद्यातील कलम ५०४ पासून सुरुवात करतात. केंद्रीय अनुदान घेणाऱ्या संस्थांना, पर्यायाने बहुसंख्य विद्यापीठांना, या कलमाने भेदभाव करण्यास मनाई केली; त्याखालील नियमांवर मात्र दिव्यांगांच्या देशव्यापी आंदोलनानंतर, एप्रिल १९७७ मध्ये, स्वाक्षरी झाली. उपकरणांचा इतिहास लिहिणारे विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठात सुरू झालेल्या ट्रेस केंद्राला अग्रस्थान देतात. ग्रेग व्हँडरहायडन यांनी १९७१ मध्ये स्थापन केलेल्या या केंद्रातील कामातून, एका वेळी एकच कळ दाबू शकणाऱ्यांसाठीच्या सोयी वैयक्तिक संगणकांच्या कार्यप्रणालींत आल्या. हे तिन्ही प्रवाह महत्त्वाचे असले तरी त्यांपैकी एकाचाही विषय संगणक कक्ष हा नव्हता. दारापासून लॉगिनच्या पडद्यापर्यंतचा कक्ष हा एकच घटक मानून त्याचा विचार साधारणतः १९९० नंतर होऊ लागला असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. वॉशिंग्टन विद्यापीठात शेरिल बर्गस्टालर यांच्या पुढाकाराने १९९२ मध्ये सुरू झालेल्या ‘डू-इट’ प्रकल्पाने संगणक कक्षांसाठी स्वतंत्र मार्गदर्शिका काढली. वास्तुविशारद रोनाल्ड मेस यांनी पुरस्कारलेल्या सार्वत्रिक रचनेच्या (वस्तू व जागा मुळातच शक्य तितक्या सर्वांना वापरता येतील अशा घडवण्याच्या) संकल्पनेचा तीत कक्षांपुरता विस्तार केलेला आहे.

अंध विद्यार्थ्यांच्या दृष्टीने स्क्रीन रीडर हा कक्षातील निर्णायक घटक होय. पडद्यावरील मजकूर आवाजात किंवा ब्रेल डिस्प्लेवर (बोटांनी वाचायचे ब्रेल ठिपके उठवणाऱ्या उपकरणावर) उमटवणाऱ्या या सॉफ्टवेअरपैकी पहिले कोणते, याचे उत्तर ‘पहिले’ कशाला म्हणावे यावर अवलंबून आहे. जिम थॅचर यांनी आयबीएममध्ये विकसित केलेले सॉफ्टवेअर १९८६ च्या सुमारास उपलब्ध झाले. डॉस या विंडोजपूर्वीच्या, केवळ अक्षरे दाखवणाऱ्या प्रणालीसाठीचे ‘जॉज’ आणि मॅकिंटॉशच्या चित्रात्मक पडद्यासाठीचे ‘आउटस्पोकन’ ही दोन्ही सामान्यतः १९८९ ची मानली जातात. डॉसच्या पडद्यावर २५ ओळी व प्रत्येक ओळीत ८० अक्षरे असत आणि ती अक्षरे सांकेतिक रूपात संगणकाच्या स्मृतीत जशीच्या तशी सापडत. स्क्रीन रीडरला ती फक्त उचलून वाचायची असत. विंडोजसारख्या चित्रात्मक प्रणालीत पडद्यावर उरले ते रंगीत ठिपके. त्यामुळे, जी यंत्रे अंध विद्यार्थी सहज वापरत होता, तीच कक्षाच्या ‘आधुनिकीकरणा’नंतर त्याच्यासाठी मुकी झाली. पडद्यावरील घटकांचे नाव, प्रकार व स्थिती स्क्रीन रीडरला कळवणारी व्यवस्था मायक्रोसॉफ्टने १९९७ मध्ये आणल्यावर ही दरी हळूहळू भरत गेली. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातील मायकेल करन यांनी आरंभलेला ‘एनव्हीडीए’ हा स्क्रीन रीडर मुक्त व विनामूल्य असल्याने, खर्चाच्या कारणावरून केवळ एका यंत्रावर स्क्रीन रीडर ठेवण्याचे समर्थन करणे त्यानंतर कठीण झाले.

अक्षरांऐवजी केवळ चित्र हाती येण्याची तीच अडचण दूरस्थ डेस्कटॉपच्या रूपाने पुन्हा उद्भवलेली दिसते. अनेक कक्षांत आता विद्यार्थ्यासमोरचे यंत्र नाममात्र असते व सांख्यिकी किंवा आरेखनाचे सॉफ्टवेअर सर्व्हरवर चालते. समोरच्या यंत्राकडे बहुधा पडद्याचे केवळ चित्र येते आणि त्यावरील स्क्रीन रीडरला खिडकीच्या नावापलीकडे काही वाचता येत नाही. स्क्रीन रीडर सर्व्हरच्या बाजूलाही बसवणे आणि त्याचा आवाज विलंबाविना विद्यार्थ्याच्या हेडफोनपर्यंत पोहोचवणे, हा यावरील प्रचलित उपाय आहे.

व्यवस्थापनाच्या धोरणातून निर्माण होणारे अडथळे भौतिक अडथळ्यांपेक्षा कमी दृष्टीस पडतात. कक्षातील संगणक पुन्हा सुरू झाला की मूळ स्थितीत आणणारी सॉफ्टवेअरे सर्रास वापरली जातात. विषाणू व खोडसाळपणा यांपासून ती संरक्षण देतात, पण विद्यार्थ्याने ठरवलेला आवाजाचा वेग, अक्षरांचा आकार, पडद्याची रंगसंगती व कळांचा प्रतिसाद हे सारे त्यांत पुसले जाते आणि प्रत्येक तासिकेची पहिली काही मिनिटे पुनर्मांडणीत जातात. विंडोजमध्ये शिफ्ट कळ ओळीने पाच वेळा दाबल्यास ‘स्टिकी कीज’ ही, एकत्र दाबायच्या कळा एकामागून एक दाबू देणारी सोय सुरू करण्याविषयी विचारणा होते. इतरांना हा व्यत्यय वाटतो म्हणून काही ठिकाणी ती बंदच करून ठेवतात; ज्याला एकाच हाताने टंकलेखन करायचे असते त्याची मात्र लॉगिनच्या पडद्यावरच अडवणूक होते, कारण कंट्रोल, आल्ट व डिलीट या तीन कळा एकत्र दाबण्याची अपेक्षा तेथेच असते. एनव्हीडीए पेनड्राइव्हवरून चालवता येतो हे खरे, तथापि अशी प्रत लॉगिनच्या पडद्यावर चालत नाही आणि पेनड्राइव्हवरील प्रोग्रामना मज्जाव असल्यास तिचा काहीच उपयोग नाही. विद्यार्थ्याच्या आवडीनिवडी नेटवर्कवरील त्याच्या खात्यात साठवणे व मूलभूत सोयी प्रत्येक यंत्रावर लॉगिनपूर्वीच उपलब्ध ठेवणे हा मार्ग अधिक टिकाऊ ठरतो.

जागेची मापे तुलनेने सुनिश्चित आहेत. अमेरिकेतील २०१० च्या मानकांनुसार सुगम्य टेबलाचा पृष्ठभाग जमिनीपासून ७१० ते ८६५ मिमी. उंचीवर असावा, त्याखाली गुडघ्यांसाठी किमान ६८५ मिमी. उंच व ७६० मिमी. रुंद मोकळी जागा असावी, व्हीलचेअर वळवण्यासाठी १,५२५ मिमी. व्यासाचे वर्तुळ मिळावे आणि विद्यार्थ्यांच्या कामाच्या जागांपैकी किमान ५ टक्के जागा अशा असाव्यात. आराखड्यात पाळलेली ही मापे प्रत्यक्षात सुटतात ती बहुधा मागाहून: टेबलाखाली सीपीयूची पेटी व वायरींचे जुडगे येऊन बसतात, गुडघ्यांची जागा जाते आणि चालू-बंद करण्याचे बटण हात पोहोचण्याच्या मर्यादेखाली, म्हणजे ३८० मिमी.पेक्षा खाली, राहते. निश्चित उंचीचे कोणतेही टेबल सर्वांना सोयीचे होत नसल्याने उंची कमी-जास्त करता येणाऱ्या टेबलांना पसंती दिली जाते. ते खालीवर करण्याचा दांडा बसलेल्याच्या हाताशी नसेल तर त्या टेबलाचा फायदा निम्माच होतो.

खास उपकरणे एका स्वतंत्र खोलीत ठेवावीत की सर्व कक्षांत विभागावीत, हा जुना वाद आहे. स्वतंत्र खोलीत प्रशिक्षित कर्मचारी व महागडी साधने एकत्र मिळतात. परंतु वर्गमित्रांबरोबर बसून करावयाच्या प्रात्यक्षिकाला ती खोली निरुपयोगी असते व तिच्या वेळाही बहुधा अपुऱ्या असतात. विभागणीचा पक्ष सामान्यतः अधिक ग्राह्य धरला जातो. त्याला अपवाद ब्रेल छपाईयंत्राचा, ज्याचा खडखडाट कक्षात चालण्याजोगा नसतो, आणि आवाजी आज्ञांनी संगणक चालवणाऱ्या विद्यार्थ्याचा, ज्याला शांतता लागते व जो इतरांची शांतता मोडतो.

कर्णबधिर विद्यार्थ्यांसाठी ध्वनिसूचनांना दृश्य पर्याय, संवाद व ध्वनी पडद्यावर लिहून दाखवणाऱ्या (कॅप्शनयुक्त) चित्रफिती आणि आगीच्या इशाऱ्यासोबत लुकलुकणारा दिवा या सोयी आवश्यक मानल्या जातात.

संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या दिव्यांग हक्क करारातील अनुच्छेद ९ (सुगम्यता) व २४ (शिक्षण) यांनी या व्यवस्थेला आंतरराष्ट्रीय आधार दिला. ब्रिटनचा समानता कायदा (२०१०) आणि भारताचा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम (२०१६) उच्च शिक्षणालाही लागू आहेत. संगणक कक्षाची तपासणी मात्र बहुतेक वेळा इमारत विभाग दारे-उतारांपुरती करतो, तर सर्व यंत्रांवर चढवायची सॉफ्टवेअरची सामाईक प्रत संगणक विभाग तयार करतो. नवी प्रत चढवण्यापूर्वी ती स्क्रीन रीडरने व केवळ कळफलकाने, माऊसला हात न लावता, चालवून पाहण्याचे काम या दोहोंपैकी कोणाचे, हे नियमावलीत स्पष्ट नसल्यास ते राहूनच जाते.