उकळलं म्हणजे सुटलो, असं नाही

'रात्रभर बाहेर राहिलेलं अन्न सकाळी खळखळून उकळलं की निर्धोक' हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. तो अर्धा खरा आहे, म्हणूनच टिकलाय.

साल्मोनेलासारखे जिवंत जंतू आतड्याच्या अस्तरात शिरतात, दाह होतो, मग जुलाब आणि ताप. ते उकळीत मरतात. पण काही जंतू पोटात जायची वाट बघत नाहीत, विष टोपातच तयार करून ठेवतात. स्टॅफिलोकॉकसचं विष उकळीला दाद देत नाही. बॅसिलस सिरियस या जंतूचे बीजाणू, म्हणजे जाड कवचातली सुप्त रूपं, तर भात शिजतानाही वाचतात, भात कोमट झाला की रुजतात, आणि त्यांचं ओकारी आणणारं विष १२१ अंशांवरही टिकतं. वास मात्र काहीच येत नाही.

पडताळा वेळेवरून घेता येतो. खाल्ल्यावर अर्ध्या ते सहा तासांत ओकाऱ्या सुरू झाल्या तर संशय तयार विषावर. साल्मोनेलाला बहुधा त्याहून जास्त वेळ लागतो.

मग काल्ची कडी, म्हणजे आदल्या दिवशीचं उरलेलं कालवण, सोडायची? छे! ती रात्रभर होती कुठे, एवढंच विचारायचं. जंतूंना ५ ते ६० अंश मानवतात. भाताच्या मोठ्या टोपात रात्री थर्मामीटर खुपसून बघा: कडेला गार, मधे तासन् तास कोमट. म्हणून उथळ भांड्यांत काढून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये.

बांगड्याचंही तसंच. बर्फाविना राहिला की त्यात हिस्टामिन हे ॲलर्जीसारखा त्रास देणारं रसायन साठतं, ते तळूनही जात नाही.