कपाळ गरम, पाय गार

जानेवारीत येऊरच्या डोंगराकडून गार वारा उतरतो आणि ठाण्यातही एखाद्या रात्री पारा १६ अंशांवर येतो. अशाच एका रात्री दोन वाजता माझी चार वर्षांची लेक कुडकुडत उठली. कपाळाला हात लावला तर चटका बसावा, आणि तळपाय बर्फासारखे गार. दात कडाकडा वाजत होते. सासूबाई म्हणाल्या, "अगं, हुडहुडी भरलीय तिला, गोधडी घाल आधी." मी मात्र गार पाण्याच्या घड्या ठेवायला भांडं आणायला निघाले होते.

त्या घटकेला सासूबाईंचं बरोबर होतं.

आपल्या मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा बदामाएवढा भाग आहे. शरीर किती गरम ठेवायचं हे तो ठरवतो. जंतूंशी लढणाऱ्या पेशींकडून निरोप आला की तिथे प्रोस्टाग्लँडिन हे रसायन तयार होतं आणि ठरलेलं तापमान ३७ वरून, समजा, ३९ अंशांवर जातं. शरीर अजून ३७ वरच असतं. म्हणजे मेंदूच्या हिशेबाने मूल गारठलेलं असतं! मग कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, हातपाय गार पडतात, आणि उष्णता तयार करायला स्नायू थरथरू लागतात. तीच हुडहुडी. बाहेर मे महिना असता तरी ती भरलीच असती. खिडकीतल्या वाऱ्याचा दोष नसतो.

या वेळी गार पाण्याने अंग पुसलं तर रक्तवाहिन्या आणखी आकसतात, थरथर वाढते, पोर कळवळून रडतं, आणि आतला ताप चढतच राहतो. कोलन वॉटर किंवा स्पिरिट तर अजिबात लावू नये, ते कातडीतून आणि श्वासातून अंगात जातं. हुडहुडी आहे तोवर पांघरूण घालावं, पायांत मोजे चढवावेत, जवळ घेऊन बसावं.

मात्र गोधडी कधी काढायची, हेही बघावं लागतं. अर्ध्या-पाऊण तासात लेकीची थरथर थांबली, पाय गरम झाले, गाल लाल दिसू लागले. शरीर नव्या तापमानाला पोचल्याची ही खूण. आता गोधडी, स्वेटर, कानटोपी सगळं अंगावर ठेवलं तर उष्णतेला बाहेर पडायला वाटच उरत नाही. एक पातळ सुती कपडा आणि पायाने लाथाडता येईल अशी चादर पुरते. म्हणून एका जाड रजईपेक्षा दोन पातळ पांघरुणं बरी, एक काढता येतं. तान्ह्या बाळाला पांघरूण बाजूला सारता येत नाही, त्यामुळे त्याच्याकडे जास्त लक्ष हवं, आणि झोपेत टोपी तर नकोच.

पहाटे चारच्या सुमारास तिला घाम फुटला. मानेखालची उशी ओली, पाठीला फ्रॉक चिकटलेला. एक ग्रॅम घाम वाळताना शरीरातली सुमारे ५८० कॅलरी उष्णता घेऊन जातो (या कॅलरी भौतिकशास्त्रातल्या, आहारातल्या नव्हेत). ताप उतरताना हे हवंच असतं. पण ओला कपडा अंगावर राहिला तर थंडीच्या रात्री मूल पुन्हा गारठतं. सुका सुती फ्रॉक उशाशी आधीच ठेवावा, म्हणजे अंधारात कपाट धुंडाळावं लागत नाही. घामाबरोबर पाणीही जातं, म्हणून घोटघोट पाणी, पेज, जे पोटात टिकेल ते द्यावं.

ताप हा मुळात शत्रू नव्हे. १९७५ मध्ये मॅथ्यू क्लूगर आणि सहकाऱ्यांनी वाळवंटी इग्वाना सरड्यांना जिवाणूंची लागण करून वेगवेगळ्या तापमानांत ठेवलं. गार ठेवलेले जास्त मेले, उबेत ठेवलेले जास्त जगले. म्हणून थर्मामीटरवरचा आकडा ९८.६ वर आणायचा हट्ट मला पटत नाही. मूल बेचैन असेल, पाणी पीत नसेल, तर पॅरासिटामॉल द्यावं. ते प्रोस्टाग्लँडिनच कमी करतं. शांत झोपलेल्या मुलाला त्यासाठी उठवू नये. डोस वजनावर ठरतो, किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, आणि दोन डोसांत निदान चार ते सहा तास. बाटली मात्र नीट वाचा: ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅमचंही सिरप मिळतं आणि २५० चंही. चमचा तोच, औषध दुप्पट! अ‍ॅस्पिरिन मुलांना देऊ नये.

तीन महिन्यांखालच्या बाळाला १००.४ फॅरेनहाइट ताप आला तर घरी थांबायचंच नाही, रात्र असली तरी डॉक्टरांकडे न्यायचं. श्वास लागणं, मान ताठ होणं, झटका येणं, मूल जागंच न होणं, यांतलं काहीही दिसलं तर कोणत्याही वयाला तेच.

आणि पाय पुन्हा एकदा चाचपावेत, ताप उतरल्यावर. डेंग्यूत साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवशी ताप जातो आणि नेमक्या त्याच वेळी रक्तातला द्रव वाहिन्यांतून पाझरू लागू शकतो. अंगात ताप नाही, तरी हातपाय गार आणि चिकट, पोटात दुखतंय, सारखी उलटी, पोर मलूल, लघवी कमी. हे गार पाय हुडहुडीतले नव्हेत. इथे गोधडीचा काही उपयोग नाही. मुलाला उचलून थेट हॉस्पिटल गाठायचं.