४ टक्क्यांचे बूट आणि आपले पाय

धावण्याच्या बुटांवर गेल्या काही वर्षांत विद्यापीठांतून जे संशोधन झालं, त्यातला मला सर्वांत आवडलेला प्रयोग करवतीचा आहे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात लॉरा हीली आणि वाउटर होखकामर यांनी नायकीच्या ‘व्हेपरफ्लाय’ बुटांचे जोड घेतले आणि त्यातल्या काहींच्या सोलला पुढच्या बाजूने सहा आडवे काप दिले. काप इतके खोल, की सोलच्या आत बसवलेली कार्बन फायबरची प्लेट जागोजागी तुटावी. मग त्यांनी १५ धावपटूंना ट्रेडमिलवर आधी अखंड बूट घालून आणि मग कापलेले बूट घालून पळवलं (काहींना उलट क्रमाने), आणि प्रत्येक वेळी शरीराची किती ऊर्जा खर्च होते ते मोजलं.

या प्लेटचा तेव्हा जगभर गवगवा झाला होता. ऑक्टोबर २०१९ मध्ये व्हिएन्नामध्ये केनियाचा धावपटू एलिउड किपचोगे याने मॅरेथॉनचं ४२.१९५ किलोमीटर अंतर १ तास ५९ मिनिटं ४० सेकंदांत कापलं. वेग राखून देणाऱ्या साथीदारांची खास व्यवस्था असल्याने तो अधिकृत विक्रम धरला गेला नाही, पण दोन तासांची भिंत माणसाने ओलांडली हे साऱ्या जगाने पाहिलं. दुसऱ्याच दिवशी शिकागोत ब्रिजिड कोसगेईने २ तास १४ मिनिटं ४ सेकंदांची वेळ देऊन पॉला रॅडक्लिफचा महिलांच्या मॅरेथॉनमधला १६ वर्षं टिकलेला जागतिक विक्रम मोडला. दोघांच्या पायांत याच घराण्यातले बूट होते. ‘बुटात स्प्रिंग बसवली आहे’ असं लोक बोलू लागले. अखेर ३१ जानेवारी २०२० रोजी वर्ल्ड अ‍ॅथलेटिक्स या जागतिक संघटनेने नियम जाहीर केला: रस्त्यावरच्या शर्यतीत सोलची जाडी ४० मिलिमीटरपेक्षा जास्त नको आणि आत एकच प्लेट चालेल.

मग प्लेट तुटल्यावर काय झालं? ऊर्जेचा खर्च सरासरीने जेमतेम अर्धा टक्का वाढला, आणि तो फरकही मोजमापातल्या चढउतारात हरवून जावा इतका किरकोळ होता. सोल वाकायला मोकळा झाला, तरी बुटाचा बहुतेक फायदा शाबूत राहिला. म्हणजे सगळं श्रेय ज्या प्लेटला दिलं जात होतं, तिचा ताठपणा हे बुटाच्या यशाचं मुख्य कारण नव्हतं. प्लेट निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नाही. सोलमधल्या मऊ आणि जाड फोमला आकार देण्यात, पाय डगमगू न देण्यात तिचा वाटा असू शकतो. पण खरं काम फोम करतो.

हा फोम काय करतो ते कळायला आधी आपला पाय काय करतो ते पाहावं लागेल. पळताना दर पावलाला शरीर खाली येतं, थबकतं आणि पुन्हा वर उसळतं. ही उसळी दर वेळी स्नायूंच्या जोरावर घ्यायची म्हटली तर माणूस लवकरच थकेल. १९८७ मध्ये लीड्स विद्यापीठातले प्राणिशास्त्रज्ञ रॉबर्ट मॅकनील अलेक्झांडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिशोब मांडला. सुमारे ७० किलो वजनाचा माणूस चांगल्या वेगाने पळत असेल, तर एका पावलात साधारण १०० ज्यूल ऊर्जेची अशी देवघेव होते. त्यातले जवळजवळ ३५ ज्यूल टाचेमागची अकिलीस कंडरा (पोटरीचे स्नायू टाचेच्या हाडाला जोडणारी चिवट दोरी) ताणली जाऊन साठवते, आणि १७ ज्यूल पायाच्या तळव्याची कमान साठवते. कंडरा ही साठवलेली ऊर्जा ९० टक्क्यांहून अधिक परत देते. दोन्ही मिळून निम्मं काम झालं, तेही जवळपास फुकट.

आता बुटाकडे येऊ. २०१७ साली कोलोरॅडो विद्यापीठात रॉजर क्रॅम यांच्या प्रयोगशाळेत व्हेपरफ्लायच्या मूळ नमुन्याची चाचणी झाली. होखकामर तेव्हा तिथेच होते. यंत्राने दाबून पाहिलं तेव्हा त्या काळच्या दोन नावाजलेल्या शर्यतीच्या बुटांनी साठवलेल्या ऊर्जेपैकी अनुक्रमे ६५.५ आणि ७५.९ टक्के ऊर्जा परत दिली, या नमुन्याने ८७ टक्के. पण नुसत्या टक्क्यांनी चित्र पूर्ण होत नाही. नवा फोम मऊही होता. त्याच भाराखाली तो जुन्या बुटांच्या जवळजवळ दुप्पट दबायचा, म्हणून त्यात ऊर्जाही जास्त साठायची. दर पावलाला जुने बूट साडेतीन ज्यूलच्या आसपास परत देत होते, नवा साडेसात.

साडेसात ज्यूल! बुटाच्या जाहिराती वाचताना हा आकडा कंडरेच्या ३५ ज्यूलशेजारी ठेवून पाहायला हवा. जगातल्या सर्वांत गाजलेल्या बुटाने परत दिलेली ऊर्जा आपल्या तळव्याच्या कमानीत साठणाऱ्या ऊर्जेच्या निम्मीही नाही. अस्सल स्प्रिंग आपल्या पायातच आहे, बूट तिला हातभार लावतो. हा हातभार किती उपयोगी पडेल, हे त्या पायावर आणि त्याच्या वेगावर ठरतं.

कोलोरॅडोच्या चाचणीत १८ धावपटू होते. सगळे पुरुष, आणि सगळे १० किलोमीटर साधारण ३१ मिनिटांत पळू शकणारे. पळताना त्यांनी किती ऑक्सिजन घेतला आणि किती कार्बन डायऑक्साइड सोडला हे मोजलं गेलं, त्यावरून ऊर्जेचा खर्च काढला. बुटांच्या वजनातला फरक आड येऊ नये म्हणून हलक्या बुटांना शिशाच्या गोळ्या लावून सगळ्यांचं वजन सारखं केलं होतं. बुटाचं वजन १०० ग्रॅमने वाढलं की पळण्याचा खर्च सुमारे १ टक्क्याने वाढतो, त्यामुळे ही काळजी आवश्यकच होती. ताशी १४, १६ आणि १८ किलोमीटर अशा तिन्ही वेगांना नव्या बुटाने सरासरी ४ टक्के ऊर्जा वाचवली. हाच तो प्रसिद्ध ४ टक्क्यांचा आकडा.

या अभ्यासाला नायकीचा पैसा होता आणि लेखकांत कंपनीची माणसंही होती, हे शोधनिबंधात उघड लिहिलं होतं. त्यामुळे शंका येणं स्वाभाविक होतं. पण नंतर यूटा राज्यातल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठात आणि न्यूझीलंडमधल्या ऑकलंड इथे इतरांनी त्याच धर्तीवर चाचण्या केल्या, आणि त्यांनाही, तुलना कोणत्या बुटाशी केली त्यानुसार, सुमारे दोन ते सव्वाचार टक्क्यांची बचत आढळली. आकडा खरा आहे. फक्त तो कोणाचा आहे, हे बाजारात पोहोचेपर्यंत गळून गेलं. शिवाय ऊर्जा ४ टक्के वाचली म्हणून वेळ ४ टक्के कमी होत नाही. वेग वाढला की हवेचा विरोधही वाढतो आणि वाचलेल्या ऊर्जेतला काही भाग त्याच्याशी झगडण्यात जातो.

२०२३ मध्ये मेलानी क्नॉप आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेला अभ्यास इथे महत्त्वाचा ठरतो. त्यांनी सात केनियन धावपटू घेतले, तेही जागतिक दर्जाचे, अर्धमॅरेथॉन तासाभरात पळणारे. सोबत सात युरोपीय हौशी धावपटू. कार्बन प्लेटच्या तीन प्रकारच्या बुटांची तुलना जुन्या पद्धतीच्या सपाट बुटांशी केली. केनियन धावपटूंमध्ये कोणाला एखाद्या बुटात ११.४ टक्के फायदा दिसला, तर कोणाला ११.३ टक्के तोटा! माणसं थोडी होती आणि अशा मोजमापात रोजचा चढउतार असतोच, त्यामुळे हे टोकाचे आकडे शब्दशः घेऊ नयेत असं मला वाटतं. तरीही एकच बूट एकाला तारतो आणि दुसऱ्याला जड जातो, ही गोष्ट सरासरीच्या आड लपली होती ती इथे समोर आली.

आपल्याकडच्या बहुतेक धावपटूंच्या दृष्टीने याहून जवळचा प्रश्न वेगाचा आहे. जानेवारीत मुंबई मॅरेथॉनला उतरणाऱ्या हजारो हौशी लोकांपैकी फार थोडे ताशी १४ किलोमीटरने पळतात. त्या वेगाने पूर्ण मॅरेथॉन तीन तासांत संपते. ताशी १० किलोमीटरने अर्धमॅरेथॉनला २ तास ६ मिनिटं लागतात, आणि आपल्यातल्या पुष्कळांचं ध्येय त्याच आसपास असतं. टेक्सासमध्ये डस्टिन जूबर आणि सहकाऱ्यांनी नेमके हेच वेग तपासले, स्त्रिया आणि पुरुष दोघांनाही घेऊन. ताशी १२ किलोमीटरला सरासरी बचत १.४ टक्के निघाली, ताशी १० किलोमीटरला ०.९ टक्के. काहींना तर तोटाच झाला. हळू पळताना पाय जमिनीवर जास्त वेळ टेकतो, जोर कमी पडतो, फोम कमी दबतो. साठलंच कमी, तर परत येणार तरी किती?

चढाचंही तसंच. साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनला यवतेश्वरचा घाट चढताना पायांत कोणते बूट असावेत यावर धावपटूंच्या गटांत भरपूर चर्चा होते. कोलोरॅडोमध्येच झालेल्या एका अभ्यासात सपाटीवर पावणेचार टक्क्यांच्या आसपास असलेली बचत ३ अंशांच्या चढावर आणि उतारावर पावणेतीन टक्क्यांच्या जवळ आली. चढताना शरीर उसळण्यापेक्षा स्वतःला वर ओढण्यात जास्त ऊर्जा घालवतं, आणि त्या ओढण्यात फोमची मदत होत नाही.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. स्पेनमधल्या संशोधकांनी असेच बूट ४५० किलोमीटर वापरल्यानंतर पुन्हा तपासले. ज्या फोममुळे हे बूट गाजले, त्याची आघाडी तोवर संपली होती, आणि ते नेहमीच्या स्वस्त फोमच्या बरोबरीला आले होते. स्वस्त फोम मात्र तेवढ्या वापरानंतरही फारसा बदलला नव्हता. पंधरा-वीस हजार रुपये मोजून घेतलेला जोड रोजच्या सरावात झिजवायचा की शर्यतीसाठी राखायचा, हे ज्याने त्याने ठरवावं. मी तरी राखून ठेवीन.

पैशांपेक्षा मला जास्त चिंता वाटते ती हाडांची. २०२३ मध्येच हार्वर्डशी संलग्न क्रीडावैद्यक तज्ज्ञ अ‍ॅडम टेनफोर्ड आणि सहकाऱ्यांनी पाच धावपटूंच्या केसेस प्रसिद्ध केल्या. पाचही जणांना कार्बन प्लेटचे बूट वापरताना पायातल्या नॅव्हिक्युलर हाडाला ताणाची इजा झाली होती. हे हाड घोट्याच्या पुढे, कमानीच्या माथ्यावर असतं. पाऊल ढकलताना घोट्याकडून पुढच्या बोटांकडे जाणारा भार त्यातून जातो. त्याच्या मधल्या भागाला रक्तपुरवठा तोकडा असतो, म्हणून तिथली बारीक चीर भरून यायला फार वेळ लागतो. ताठ सोलमुळे बोटांच्या सांध्याचं वाकणं कमी होतं आणि भाराची वाटणी बदलते, असा त्या डॉक्टरांचा अंदाज आहे. पाच केसेसवरून बूट दोषी ठरत नाहीत, आणि त्यांनीही तसं म्हटलेलं नाही. पण ज्या पायाने वर्षानुवर्षं एका पद्धतीने भार झेलला, त्याला एका आठवड्यात दुसऱ्या पद्धतीने झेलायला लावणं धोक्याचं आहे, हे त्यांचं म्हणणं पटण्यासारखं आहे. हाड नव्या भाराशी जुळवून घेतं, पण त्याला काही आठवडे ते महिने लागतात. म्हणून नवे बूट आधी आठवड्यातून एकदा, थोड्या अंतरासाठी घालावेत आणि मग हळूहळू वाढवावं. शर्यतीच्या आदल्या आठवड्यात खोका उघडून तेच बूट घालून २१ किलोमीटर पळू नये.

या इजेचं दुखणं सुरुवातीला फसवं असतं. पावलाच्या वरच्या बाजूला, घोट्याच्या थोडं पुढे, बारीक ठणका लागतो. पळताना वाढतो, विश्रांती घेतली की जातो, त्यामुळे ‘मुरगळलं असेल’ म्हणून लोक बाम चोळून पुन्हा पळायला लागतात. त्या जागी बोटाने दाबल्यावर नेमकं एका ठिकाणी दुखत असेल, तर पळणं त्याच दिवशी थांबवावं आणि अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावं. साध्या एक्स-रेमध्ये ही चीर अनेकदा दिसत नाही. एक्स-रे स्वच्छ आला तरी दुखणं टिकून असेल, तर एमआरआय करायचा का हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. वेळेत कळलं तर बहुधा सहा-आठ आठवडे त्या पायावर भार न देता, प्लास्टरमध्ये काढावे लागतात. उशीर झाला तर स्क्रू घालण्याची शस्त्रक्रिया करावी लागू शकते, आणि पुन्हा पळायला लागेपर्यंत पुढचा हंगामही निघून गेलेला असतो.