हार्ड डिस्कच्या आतला हात : वेग, आवाज आणि भरवसा

संगणक संथ चालू लागला की ‘जास्त आरपीएमची हार्ड डिस्क घे’ हा सल्ला हमखास मिळतो. मिनिटाला ५४०० फेरे घेणाऱ्या डिस्कऐवजी ७२०० फेरे घेणारी डिस्क बसवली की संगणक त्याच प्रमाणात चपळ होईल, अशी त्यामागची समजूत असते. ती पूर्णपणे चुकीची नाही. परंतु डिस्कच्या वेगाला खऱ्या अर्थाने लगाम घालणारी आणि तिला खडखडायला लावणारी गोष्ट म्हणजे माहिती साठवणाऱ्या फिरत्या चकतीवरून पुढे-मागे जाणारा एक छोटासा हात. वेग, शांतता आणि भरवसा हे तीन गुण आपण स्वतंत्रपणे मागतो. त्या हाताचे काम समजून घेतले, तर हे गुण एकमेकांत किती गुंतलेले आहेत ते दिसते आणि कोणत्या गुणाचा आग्रह कोठे सोडायचा हेही ठरवता येते.

आधी साधा हिशेब करू. मिनिटाला ७२०० फेरे म्हणजे सेकंदाला १२०, म्हणजे एका फेऱ्याला ८.३३ मिलिसेकंद. हवी असलेली माहिती, हाताच्या टोकाला बसवलेल्या आणि ती वाचणाऱ्या हेडखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा वाट पाहावी लागते, म्हणजे सुमारे ४.१७ मिलिसेकंद. ५४०० फेऱ्यांच्या डिस्कमध्ये हीच प्रतीक्षा ५.५६ मिलिसेकंद होते. आता यात हेडला योग्य ट्रॅकपर्यंत, म्हणजे माहिती लिहिलेल्या योग्य वर्तुळाकार पट्ट्यापर्यंत, नेण्याचा वेळ मिळवला पाहिजे. घरगुती वापराच्या डिस्कमध्ये तो सरासरी ८ ते ९ मिलिसेकंद असतो. दोन्ही डिस्कमध्ये तो ९ धरला, तर एकूण वेळ अनुक्रमे सुमारे १३.२ आणि १४.६ मिलिसेकंद येतो. म्हणजे चकतीवर इतस्ततः विखुरलेली माहिती वाचायची झाल्यास पहिली डिस्क सेकंदाला ७६ वेळा वाचू शकेल आणि दुसरी ६९ वेळा. फिरण्याचा वेग एकतृतीयांशाने वाढला, पण हाती पडला तो केवळ दहा टक्क्यांचा लाभ.

सलग माहितीची, उदाहरणार्थ एखाद्या मोठ्या चित्रफितीची, गोष्ट वेगळी असते. तेथे हाताला फारशी हालचाल करावी लागत नाही आणि आजच्या मोठ्या क्षमतेच्या डिस्क बाहेरच्या कडेला सेकंदाला २०० मेगाबाइटांहून अधिक माहिती वाचतात. आतल्या ट्रॅकवर हा वेग जवळजवळ निम्मा होतो, कारण फेऱ्याचा काळ तोच राहतो आणि परीघ मात्र लहान होतो. माहिती बाहेरच्या कडेपासून आत भरत जाते, त्यामुळे नवी, रिकामी डिस्क वेगवान वाटते. सलग वाचनाचा वेग चकतीवर माहिती किती दाटीने लिहिली आहे यावरही अवलंबून असतो, म्हणून नवी ५४०० फेऱ्यांची डिस्क या बाबतीत जुन्या ७२०० फेऱ्यांच्या डिस्कला सहज मागे टाकू शकते.

आता त्या हाताकडे वळू, कारण मला या यंत्रातला सर्वांत सुंदर भाग तोच वाटतो. १९५६ साली आयबीएमने पहिली व्यापारी हार्ड डिस्क आणली, तेव्हा २४ इंच व्यासाच्या ५० चकत्यांमध्ये हेडची एकच जोडी वर-खाली आणि आत-बाहेर नेली जाई आणि एक नोंद गाठायला सरासरी ६०० मिलिसेकंद लागत. अडथळा तेव्हाही हाताचाच होता. आजचा हात एका खिळीभोवती फिरतो. त्याच्या मागच्या टोकाला तांब्याच्या तारेचे वेटोळे असते आणि ते दोन प्रबळ स्थायी चुंबकांच्या मध्ये असते. वेटोळ्यातून विद्युतप्रवाह सोडला की त्यावर बल येते आणि हात वळतो. प्रवाहाची दिशा उलटली की बलाची दिशाही उलटते. लाउडस्पीकरचा पडदा याच तत्त्वावर हलतो आणि म्हणूनच या रचनेला ‘व्हॉइस कॉइल’ म्हणतात.

हाताच्या पुढच्या टोकाला हेड असते. ज्या तुकड्यावर ते बसवलेले असते त्याची लांबी एका मिलिमीटरपेक्षाही कमी असते. त्याने एका ट्रॅकवरून उडी मारून दुसऱ्या ट्रॅकवर नेमके थांबायचे असते आणि शेजारच्या दोन ट्रॅकमधले अंतर असते सुमारे ५० नॅनोमीटर. समजा, हेडला एक सेंटिमीटर अंतर ६ मिलिसेकंदांत कापायचे आहे. सर्वांत झटपट मार्ग म्हणजे निम्मे अंतर पूर्ण जोराने वेग वाढवत जायचे आणि उरलेल्या निम्म्यात तेवढ्याच जोराने वेग कमी करायचा. अर्धा सेंटिमीटर अंतर तीन मिलिसेकंदांत कापायचे, तर ‘अंतर म्हणजे त्वरण गुणिले कालाचा वर्ग भागिले दोन’ या शाळेतल्या सूत्रानुसार त्वरण येते सुमारे ११०० मीटर प्रति सेकंद वर्ग, म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या शंभरपटीहून अधिक. एवढ्या जोराने सुटून, मध्यावर पूर्ण उलट ब्रेक लावून, शेवटी ५० नॅनोमीटरच्या एका अंशाइतक्या अचूकतेने स्थिरावायचे आणि हे सेकंदाला कित्येक वेळा करायचे, असे त्या हाताचे काम आहे. योग्य जागा ओळखता यावी म्हणून कारखान्यातच चकतीवर स्थाननिदर्शक खुणा लिहून ठेवलेल्या असतात. प्रत्येक फेऱ्यात अशा शेकडो खुणा हेडखालून जातात आणि प्रत्येक खुणेनंतर वेटोळ्यातला प्रवाह किंचित सुधारला जातो.

आवाज येथेच जन्मतो. न्यूटनच्या तिसऱ्या नियमानुसार हाताला जेवढा जोर एका दिशेने मिळतो, तेवढाच डिस्कच्या धातूच्या खोक्याला उलट दिशेने मिळतो. जोर अचानक सुरू झाला, अचानक उलटला आणि अचानक थांबला, तर ते धक्के खोक्याला कंप देतात आणि आपल्याला कटकट असा आवाज ऐकू येतो. प्रवाह हळूहळू चढवला आणि हळूहळू उतरवला, तर आवाज कमी होतो, परंतु वेळ वाढतो. तीच एक सेंटिमीटरची उडी ६ ऐवजी ९ मिलिसेकंदांत घेतली, तर वेळ दीडपट होतो, पण त्वरण कालाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असल्यामुळे चार-नवमांश, म्हणजे निम्म्याहूनही कमी होते. थोड्या उशिराच्या बदल्यात बरीच शांतता मिळते. एके काळी अनेक डिस्कमध्ये ‘शांत’ आणि ‘वेगवान’ यांपैकी एक निवडण्याची सोय याच हिशेबावर दिलेली असे.

त्याहून चतुर युक्ती पुढची आहे. हात ट्रॅकवर लवकर पोहोचला, तरी हवा असलेला सेक्टर, म्हणजे ट्रॅकचा छोटा तुकडा, फिरत फिरत हेडखाली येईपर्यंत त्याला थांबावेच लागते. मग घाई कशासाठी करायची? सेक्टर ७ मिलिसेकंदांनी येणार असेल, तर ४ मिलिसेकंदांत धडपडत जाऊन ३ मिलिसेकंद नुसते थांबण्यापेक्षा संथपणे जाऊन ऐन वेळी पोहोचावे. तेवढ्याच वेळात माहिती मिळते, आवाज कमी होतो आणि वीजही वाचते. याशिवाय आधुनिक डिस्क एका वेळी ३२ मागण्या रांगेत ठेवू शकतात आणि त्यांचा क्रम बदलून सर्वांत कमी प्रवासाचा मार्ग काढतात. सर्व मजल्यांवरची बटणे पाहून क्रम लावणाऱ्या उद्वाहनाप्रमाणेच. केवळ फेऱ्यांचा आकडा वाचून डिस्क निवडणाऱ्याला ही सारी कारागिरी दिसत नाही.

सतत येणारा घुमारा मात्र हाताचा नसून चकतीचा असतो. पूर्वी चकतीचा आस छर्ऱ्यांच्या बेअरिंगवर फिरे आणि जुनी डिस्क शिट्टीसारखा आवाज करी. या शतकाच्या आरंभापासून छर्ऱ्यांची जागा तेलाच्या पातळ थराने घेतली आणि ती शिट्टी थांबली. उरली ती ७२०० फेऱ्यांच्या डिस्कमधली १२० हर्ट्झची बारीक थरथर. डिस्कचे खोके लहान असल्यामुळे एवढ्या कमी वारंवारतेचा ध्वनी ते स्वतः फारसा पसरवू शकत नाही. पण ते संगणकाच्या पत्र्याला घट्ट स्क्रूने जोडले की सगळा पत्रा थरथरतो आणि घुमारा खोलीभर पसरतो. शाळेतला नादकाटा मेजावर टेकवल्यावर त्याचा आवाज मोठा होतो, त्यामागचे कारणही हेच. म्हणून शांतता हवी असेल, तर डिस्क आणि पत्रा यांच्यामध्ये रबराच्या चकत्या घालणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. दोन डिस्क शेजारी असल्या आणि त्यांचे वेग अगदी किंचित वेगळे असले, तर विस्पंद निर्माण होऊन आवाज लयीत चढतो-उतरतो. तो बिघाड समजू नये. माहितीपत्रकात आवाजाचे दोन आकडे असतात, एक नुसते फिरतानाचा आणि दुसरा हात हलत असतानाचा. दोन्ही पाहावेत. ते बेलमध्ये दिले असल्यास दहाने गुणून डेसिबल मिळतात आणि तीन डेसिबलचा फरक म्हणजे ध्वनिशक्तीत दुपटीचा फरक, हे ध्यानात ठेवावे.

आवाज जसा बाहेर येतो, तसा तो आतही जातो. ब्रेंडन ग्रेग या अभियंत्याने २००८ साली डिस्कच्या संचासमोर मोठ्याने ओरडून, त्याच क्षणी डिस्कचा प्रतिसाद मंदावतो हे आलेखावर दाखवून दिले होते. ५० नॅनोमीटरच्या ट्रॅकवर हेड धरून ठेवायचे असताना बाहेरून आलेला कंप हाताला ढळवतो आणि मग पुढच्या फेऱ्याची वाट पाहावी लागते. अनेक डिस्क एकाच पेटीत ठेवायच्या असतील, तर कंप ओळखून त्याची भरपाई करणारे संवेदक असलेल्या डिस्क घ्याव्यात, त्या याचसाठी.

हेड चकतीला टेकत नाही, ते काही थोड्या नॅनोमीटरवर तरंगते. हवेचा रेणू दुसऱ्या रेणूवर आदळण्यापूर्वी सरासरी जेवढे अंतर जातो, ते सुमारे ६८ नॅनोमीटर असते. हेडखालची फट त्याहूनही कितीतरी लहान असते. तेथे हवा प्रवाहासारखी वागत नाही, तिचे सुटे रेणू हेड आणि चकती यांच्यामध्ये उसळत असतात आणि द्रवगतिकीची नेहमीची समीकरणे दुरुस्त करूनच वापरावी लागतात. तरीही हेडच्या तळाचा आकार असा कोरलेला असतो की, एक भाग त्याला वर उचलतो आणि दुसरा खाली ओढतो आणि त्यांच्या समतोलात उंची टिकते. चालू डिस्क हलवू नये, हा नियम या फटीमुळेच पाळायचा असतो. २०१३ पासून काही मोठ्या डिस्कमध्ये हवेऐवजी हेलियम भरला जातो. त्याची घनता हवेच्या सुमारे एकसप्तमांश असल्यामुळे चकत्यांची फडफड आणि विजेचा खर्च दोन्ही घटतात.

खरेदीतला एक सापळा सांगायला हवा. काही डिस्कमध्ये ट्रॅक कौलांसारखे एकावर एक अर्धवट चढवलेले असतात. त्यामुळे क्षमता वाढते, पण मधला एक ट्रॅक बदलायचा तर त्यावर रेललेले पुढचे सगळे ट्रॅक पुन्हा लिहावे लागतात. साठवणीपुरत्या त्या चांगल्या असतात. सतत लिहिण्याच्या कामात किंवा अनेक डिस्कच्या संचात मात्र त्या अतिशय संथ होऊ शकतात. ही माहिती डिस्कच्या वेष्टनावर बहुधा नसते, म्हणून मॉडेलचा क्रमांक उत्पादकाच्या तपशिलाशी ताडून पाहावा.

भरवशाबद्दल सर्वाधिक गैरसमज पसरवणारा आकडा म्हणजे ‘बिघाडांमधील सरासरी काळ : १० लाख तास’. १० लाख तास म्हणजे ११४ वर्षे, परंतु कोणतीही डिस्क तेवढी चालणार नाही आणि या आकड्याचा अर्थही तसा नाही. वर्षाचे ८७६० तास १० लाखांनी भागले की ०.८८ टक्के येतात. म्हणजे अशा हजार डिस्क वर्षभर चालवल्या, तर त्यांतल्या सुमारे नऊ बिघडतील, असे उत्पादकाचे म्हणणे असते. २००७ साली कार्नेगी मेलन विद्यापीठातील श्रोडर आणि गिब्सन यांनी प्रत्यक्ष वापरातल्या डिस्कच्या नोंदी तपासल्या, तेव्हा वार्षिक बदलीचे प्रमाण बहुधा १ टक्क्याहून अधिक आणि अनेकदा २ ते ४ टक्के आढळले. त्याच वर्षी गूगलच्या संशोधकांनी लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. डिस्क स्वतःच्या प्रकृतीच्या ज्या नोंदी ठेवते, त्यांतील सर्वांत बोलक्या चार खुणांपैकी एकही खूण निम्म्याहून अधिक बिघडलेल्या डिस्कमध्ये उमटली नव्हती. मात्र पृष्ठतपासणीत पहिली चूक आढळलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत बिघडण्याची शक्यता चूक नसलेल्या डिस्कच्या ३९ पट होती. थोडक्यात, इशारा मिळाला तर तो गंभीरपणे घ्यावा, पण इशारा नाही म्हणून निर्धास्त राहू नये.

एका मित्राची डिस्क बिघडली म्हणून ती कंपनीच वाईट, ही समजूत विज्ञानाच्या कसोटीवर टिकत नाही. एका घटनेवरून टक्केवारी काढता येत नाही. बंद पडलेली डिस्क शीतकपाटात ठेवली की पुन्हा चालू होते, हा तोडगाही असाच घातक आहे. बाहेर काढल्यावर गार धातूवर बाष्प साचते आणि काही नॅनोमीटरच्या फटीत पाण्याचा थेंब म्हणजे उरलेली माहितीही गमावणे. ‘खास खेळांसाठी’ अशा आकर्षक नावांवरही जाऊ नये. तपशिलात फेरे, लिहिण्याची पद्धत, आवाजाचे दोन आकडे आणि हमीची वर्षे पाहावीत, आणि हमी नव्या डिस्कची असते, आत साठवलेल्या माहितीची नव्हे, हे विसरू नये.

माझा सल्ला असा आहे. विखुरलेली माहिती वाचण्याचे काम, म्हणजे संगणकाची प्रणाली आणि रोजचे प्रोग्राम, एसएसडीवर, म्हणजे चकतीऐवजी चिपमध्ये माहिती साठवणाऱ्या डिस्कवर, ठेवावेत, कारण तिच्यात हलणारा हात नसतो आणि जेथे हार्ड डिस्कला दहा-पंधरा मिलिसेकंद लागतात, तेथे तिला एका मिलिसेकंदाचा लहानसा अंश पुरतो. हे ओझे उतरले की हार्ड डिस्ककडे छायाचित्रे, चित्रफिती आणि बॅकअप यांचे सलग काम उरते, आणि त्यासाठी ५४०० फेऱ्यांची, कमी आवाजाची, ट्रॅक एकमेकांवर न चढवलेली डिस्क उत्तम ठरते. नवी डिस्क आणल्यावर महत्त्वाची माहिती तिच्यावर लगेच टाकू नये. आधी ती पूर्ण लिहून पूर्ण वाचावी. ४ टेराबाइटच्या डिस्कला सेकंदाला सरासरी १५० मेगाबाइट या वेगाने प्रत्येक खेपेला सुमारे साडेसात तास लागतात. त्यानंतर डिस्कने ठेवलेल्या प्रकृतीच्या नोंदींत बदललेल्या सेक्टरांची आणि निकाली न निघालेल्या सेक्टरांची संख्या पाहावी. दोन्ही शून्य असतील, तरच ती वापरात घ्यावी. नसतील, तर बदलून घ्यावी. आणि बॅकअपसाठी दुसरी डिस्क घेताना ती त्याच दिवशी, त्याच गठ्ठ्यातली घेऊ नये, कारण उत्पादनात एखादा दोष राहिला असेल, तर तो दोन्हींत एकाच वेळी डोके वर काढू शकतो.