सहा पेन्सचे नाणे आणि करवंटीचा जवा

'क्वीन' या ब्रिटिश बँडचे गिटारवादक ब्रायन मे नेहमीची प्लास्टिकची नखी, म्हणजे पिक, वापरत नाहीत. त्यांच्या बोटांत असते सहा पेन्सचे जुने नाणे. १९८० साली व्यवहारातून बाद झालेल्या या तांबे-निकेलच्या नाण्याचा व्यास जेमतेम १९ मिलिमीटर असून कड दातेरी आहे. ते तारेला समांतर धरले, तर दात्यांचा स्पर्श जाणवत नाही आणि स्वर मऊ उमटतो. आडवे वळवले, की दाते तारेवर घासतात आणि स्वराच्या आरंभी बारीक खरखर येते.

नखी तारेला बाजूला ओढते तेव्हा तारेला एक कोन पडतो, आणि नखी निसटते त्या क्षणी तो कोन किती टोकदार आहे, यावर मूळ स्वरासोबतचे उपस्वर किती बळाने उठणार हे अवलंबून असते. अरुंद, ताठ कडेने तार सोडली तर वरचे उपस्वर भरपूर उठून आवाज झणझणीत होतो. बोटाच्या मांसल टोकाने छेडली तर तेच दबतात. म्हणून नखी कशाची आहे यापेक्षा तिची कड कशी आहे, ती किती लवते आणि तारेवर किती घासते, हे पाहावे. द्रव्याचा प्रभाव पडतो तो मुख्यत्वे या गुणांच्या वाटेने.

कासवाच्या पाठीची नखी वादकांना प्रिय होती ती यामुळेच. हॉक्सबिल या समुद्री कासवाच्या पाठीवरचे खवले आपल्या नखांप्रमाणेच केराटिन गटातील प्रथिनांचे असतात. ते ताठ असूनही किंचित लवतात आणि घासून गुळगुळीत करता येतात. या हौसेची किंमत कासवांनी मोजली. धोक्यातील प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर बंधने घालणाऱ्या साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराने १९७७ पर्यंत या संपूर्ण जातीचा आंतरराष्ट्रीय व्यापार निषिद्ध ठरवला. त्याआधीच सेल्युलॉइड या प्लास्टिकने कासवाच्या नखीची जागा घ्यायला सुरुवात केली होती, पुढे नायलॉन आले.

आपल्याकडच्या सरोदवादकाचा जवा, म्हणजे त्याची नखी, मात्र परंपरेने नारळाच्या करवंटीचा. करवंटी तासून, कडा घासून केलेला हा त्रिकोणी तुकडा कठीण असतो, पण धातूसारखा खणखणत नाही. सरोदच्या पोलादी तारांवर त्याचा आघात ठसठशीत बसतो. जिला आपण चुलीत टाकतो ती वस्तू इथे मैफलीत जाते, याची मला गंमत वाटते.

दुसऱ्या टोकाला नामिबियातील गिबियन अशनीपासून कापलेल्या नख्या आहेत. लाखो वर्षे सावकाश थंड होताना त्यातील लोह-निकेलचे स्फटिक एकमेकांत गुंतत गेले, आणि आम्लाने धुतल्यावर पृष्ठभागावर त्यांची तिरप्या पट्ट्यांची सुंदर जाळी उमटते. ही जाळी डोळ्यांसाठी आहे; तारेला फक्त धातूची कड भेटते, त्यामुळे तेवढ्याच जाडीची आणि तशीच घासलेली लोखंडी चकतीही जवळपास तसाच आवाज देईल, असे मला वाटते. सौरमालेतील धुळीवरच्या संशोधनासाठी २००७ साली इम्पीरियल कॉलेजातून पीएच.डी. मिळवणाऱ्या मे यांना अशनीची नखी खरे तर शोभली असती, पण त्यांनी पसंत केले ते सहा पेन्सचे नाणेच.