गाडीचं ऑइल कधी बदलायचं? (आमच्या ग्राहकांसाठी)

ऑइल बदललं की आमच्या गॅरेजचा धंदा होतो, हे आधीच सांगून टाकतो. तरीही काही गाड्या आम्ही ‘अजून वेळ आहे, नंतर या’ म्हणून परत पाठवतो. आणि काही मालकांना ‘फार उशीर केलात’ असं ऐकवावं लागतं. दोघांचीही नजर फक्त किलोमीटरवर असते, म्हणून हे पत्रक.

गेल्या पावसाळ्यात एक निवृत्त गुरुजी त्यांची छोटी पेट्रोल गाडी घेऊन आले. गाडी तीन वर्षांची, चाललेली जेमतेम ७,२०० किलोमीटर. “पुस्तकात १० हजार लिहिलंय, अजून झाले कुठे?” असं त्यांचं म्हणणं. आम्ही ऑइल भरायचं झाकण उघडून त्यांच्या हातात दिलं. आतल्या बाजूला पिवळट पांढरा थर होता, दुधाच्या चहावर साय धरावी तसा. गुरुजींची गाडी साताऱ्यातल्या साताऱ्यात, शाहूपुरीतून राजवाड्याला भाजी आणायला जाते आणि परत येते. कधीतरी पोवई नाक्यापर्यंत. बस्स.

तो थर म्हणजे ऑइलमध्ये कालवलेलं पाणी. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणीही तयार होतं, वाफेच्या रूपात. बहुतेक वाफ सायलेन्सरमधून बाहेर पडते, थोडी पिस्टनच्या रिंगांजवळून खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं तिथे उतरते. सोबत न जळलेलं थोडं पेट्रोलही उतरतं. इंजिन अर्धा तास चांगलं तापलं तर हे दोन्ही उडून जातं. दोन किलोमीटरच्या फेरीत तापमानाचा काटा मधे येतो न येतो तोच चावी बंद होते. पाणी आत राहतं, त्यात आम्ल तयार होतं आणि ऑइलमधली ते मारणारी रसायनं हळूहळू संपतात. गाडी उभी असली तरी हे चालूच राहतं. पुस्तिकेत ‘१०,००० किलोमीटर किंवा १ वर्ष, जे आधी होईल ते’ असं लिहिलेलं असतं, त्यातलं ‘किंवा’नंतरचं कुणी वाचत नाही.

झाकणाखाली असा थर दिसला की घाबरून लगेच हेड गॅस्केट (इंजिनातलं पाणी आणि ऑइल वेगळं ठेवणारं पॅकिंग) गेलं असं समजू नका. आधी कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची पातळी बघा. कूलंट कमी होत नसेल आणि डिपस्टिकवरचं (ऑइलची पातळी बघायच्या पट्टीवरचं) ऑइल स्वच्छ असेल, तर ते बहुधा दमटपणाचंच काम. डिपस्टिकवरही दुधाळ ऑइल आलं किंवा कूलंट घटत असेल, तर मात्र गाडी सुरू न करता फोन करा.

आता दुसऱ्या टोकाचं उदाहरण. आमचे एक ग्राहक दर आठवड्याला पुण्याला जाऊन येतात, जाऊन-येऊन सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. ते दर ५,००० ला ऑइल बदलून मागायचे, कारण वडिलांच्या अ‍ॅम्बॅसिडरला तसंच करत होते. त्या काळी ते बरोबरच होतं. कार्बोरेटर होता, सकाळी चोक ओढला की जादा पेट्रोल आत जायचं, ते ऑइलमध्ये उतरायचं, आणि ऑइलही साधं मिनरल असायचं. आजचं इंजिन मोजून पेट्रोल घेतं आणि सिंथेटिक ऑइल उष्णतेला जास्त टिकतं. हायवेवर सलग चालणाऱ्या त्यांच्या गाडीला पुस्तिकेतलं अंतर पुरेसं आहे, असं सांगून आम्ही त्यांना परत पाठवलं.

किलोमीटर का फसवतात, त्याचा हिशोब करून बघा. हायवेवर सरासरी ताशी ६० ने १०,००० किलोमीटर म्हणजे इंजिन १६७ तास चाललं. गावातल्या गर्दीत ताशी १५ ने तेवढेच किलोमीटर म्हणजे ६६७ तास. मीटर एकच आकडा दाखवतो, पण ऑइलने चौपट वेळ काम केलेलं असतं. सिग्नलला एसी लावून उभी असलेली गाडी मीटरच्या हिशोबात शून्य चालते.

म्हणून आमचा साधा सल्ला असा. लांबच्या फेऱ्या जास्त असतील तर पुस्तिकेप्रमाणे चला. गावातल्या गावात, धुळीच्या रस्त्यावर, ऊसतोडीच्या हंगामात शिवारातून किंवा रोज घाटात गाडी चालत असेल, तर पुस्तिकेतलं ‘कठीण वापर’ असं पान काढून बघा. तिथे अंतर बरंच कमी दिलेलं असतं, अनेकदा निम्मं. गुरुजींसारखा वापर असेल तर वर्षातून एकदा, मीटर काहीही म्हणो. शिवाय पंधरा दिवसांतून एकदा गाडी कासच्या रस्त्याने किंवा हायवेने अर्धा-पाऊण तास पळवून आणा. गाडीलाही बरं, घरच्यांनाही बरं.

रंगावरून ठरवू नका

बोटावर ऑइल घेऊन ‘काळं झालंय’ म्हणणारे मिस्त्री पुष्कळ. डिझेल गाडीत नवं ऑइल भरून शे-दोनशे किलोमीटर गेलं की ते काळंच होतं. काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. उलट सीएनजीवर चालणाऱ्या गाडीचं ऑइल मुदत संपली तरी मधासारखं दिसतं, कारण गॅसमध्ये काजळी फार होत नाही. पण गॅसवरच्या उष्णतेने ऑइल आतून जुनं होत असतं. सीएनजीवाल्यांचा सगळ्यात जास्त उशीर होतो तो याच स्वच्छ रंगामुळे.

बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या नियमांच्या) डिझेल गाड्यांबद्दल थोडं जास्त सांगायला हवं. एप्रिल २०२० नंतरच्या बहुतेक डिझेल गाड्यांत धुराची काजळी अडवणारा फिल्टर, म्हणजे डीपीएफ असतो. तो भरला की गाडी स्वतःच तो तापवून आतली काजळी जाळते, आणि बऱ्याच गाड्यांत त्यासाठी इंजिनात जादा डिझेल सोडलं जातं. तेव्हाच तुम्ही गाडी बंद केलीत, आणि असं वारंवार झालं, तर ते डिझेल ऑइलमध्ये मिसळत जातं आणि डिपस्टिकवर पातळी चक्क वाढलेली दिसते. ‘माझी गाडी ऑइल खातच नाही, उलट वाढतंय’ असं कौतुकाने सांगणारे ग्राहक आम्ही पाहिलेत. ते कौतुक नाही, पातळ झालेलं ऑइल आहे. पातळी वरच्या खुणेच्या वर गेली तर किलोमीटर कितीही असोत, बदलाच. या गाड्यांना कमी राख सोडणारं ऑइलच लागतं. दुसरं स्वस्त ऑइल भरून वाचवलेले पैसे डीपीएफच्या खर्चापुढे काहीच नाहीत.

पातळी घरी कशी बघायची

गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन बंद करून पाचेक मिनिटं थांबा. डिपस्टिक काढा, पुसा, पूर्ण आत घाला, पुन्हा काढा. ऑइल दोन खुणांच्या मधे हवं. बऱ्याच गाड्यांत या दोन खुणांमधलं अंतर सुमारे एक लिटरचं असतं. म्हणजे तीन-साडेतीन लिटर ऑइल मावणाऱ्या छोट्या गाडीत खालची खूण गाठली की जवळजवळ तिसरा हिस्सा गेला. महिन्यातून एकदा बघा, लांबच्या प्रवासाआधी तर नक्कीच. वरची खूण ते खालची खूण हजार किलोमीटरच्या आत झाली तर गाडी दाखवायला आणा.

ऑइलचा लाल दिवा लागला तर ती ‘आता बदला’ची सूचना नव्हे. इंजिनात ऑइलचा दाबच उरलेला नाही, असं तो सांगतो. खंबाटकी घाटात लागला तरी बाजूला घेऊन तिथेच बंद करा. ‘गॅरेजपर्यंत पोचू’ म्हणून आणलेल्या गाडीचं इंजिन बांधावं लागतं.

कोणतं ऑइल

‘जाड ऑइल टाका, आवाज कमी होईल’ ही फर्माईश नेहमीची. डब्यावर ५डब्ल्यू-३० लिहिलेलं असतं, त्यातला डब्ल्यू म्हणजे विंटर. पहिला आकडा थंड इंजिनाचा, दुसरा तापलेल्या इंजिनाचा. नव्या इंजिनांतल्या फटी अगदी बारीक असतात. तिथे सकाळी पहिल्या स्टार्टला पातळ ऑइल झटकन वर पोचतं, जाड ऑइल रेंगाळतं. आवाज दबला तरी झीज होतच राहते. त्यामुळे पुस्तिकेतला ग्रेडच आम्ही भरतो. कुठल्या कंपनीचं घ्यायचं ते तुमची आवड. ‘सिंथेटिक’ लिहिलंय म्हणून तेच ऑइल २०,००० पर्यंत ओढू नका. वॉरंटी चालू असेल तर बिल जपून ठेवा, काम आमच्याकडे झालेलं असो वा शोरूमला.

आमच्याकडे काय होतं

ऑइलबरोबर फिल्टर बदलतोच. ‘फिल्टर या वेळी राहू द्या’ म्हटलंत तरी नाही ऐकणार, कारण जुन्या फिल्टरमध्ये साठलेलं घाण ऑइल नव्याला पहिल्याच मिनिटाला मिळतं. ड्रेन बोल्टचा वॉशर दर वेळी नवा. नवा डबा तुमच्यासमोर फोडतो आणि रिकामा झाल्यावर त्याला भोक पाडतो, म्हणजे तो पुन्हा भरून कुणाला विकता येणार नाही. काढलेलं काळं ऑइल गोठ्याच्या खांबांना किंवा शटरिंगच्या फळ्यांना लावायला मागतात लोक. राग मानू नका, देत नाही. २०१६ च्या नियमांप्रमाणे ते घातक कचऱ्यात मोडतं, आणि ते मातीत, विहिरीत उतरलेलं कुणालाच परवडणारं नाही. ते पिंपात साठवून परवाना असलेल्या माणसाकडेच जातं.

येताना गाडी पाच-सात किलोमीटर चालवून आणा. गरम ऑइल नीट उतरतं, थंड ऑइल चेंबरच्या तळाला चिकटून राहतं. पलीकडच्या गल्लीतूनच आणलीत तर एक चक्कर आमचा पोरगा मारून आणेल, तोवर चहा घ्या.